वाकड्या अक्षरांची सुरी

आमच्या क्रीट बेटावरच्या हानिया गावात, सुरीगल्लीत म्हाताऱ्या वार्दिसचं दुकान; शेजारी म्हणून मी रोज तिथे बसतो. परवा मेंढपाळ सिफिस आपल्या आजोबांची, वार्दिसच्या बापाने घडवलेली सुरी घेऊन तिथे आला. रविवारी त्याच्या मुलाचं लग्न, आणि आमच्यात लग्नाच्या साक्षीदाराला ओवी कोरलेली सुरी द्यावीच लागते.

वार्दिसने त्या जुन्या सुरीशेजारी आपली नवी ठेवली. जुनीचं पातं झिजून अरुंद झालेलं, मूठ मेंढ्याच्या शिंगाची. नवी चकचकीत, तिच्यावरची ओवी छापल्यासारखी सरळ.

सिफिस म्हणाला, "काका, ही मशीनची अक्षरं ना? जुनीवर बघा, प्रत्येक अक्षर कललंय. तुमच्या बापाचा हात दिसतो त्यात. मला तशीच हवी."

"बाप पिऊन कोरायचा, म्हणून कललीत!" वार्दिस म्हणाला आणि आम्ही तिघंही खदखदून हसलो.

"मग तुम्हीही घ्या घोटभर, पण हातानेच कोरा."

वार्दिसने कोरं पातं घेतलं, छिन्नी टेकवली. पहिल्याच अक्षराला हात असा थरथरला, की पात्यावर लांब ओरखडा उठला. सिफिसने नजर वळवली आणि मशीनचीच सुरी बांधून घेतली.

तो गेल्यावर वार्दिस स्टुलावर चढून दारावरची 'हाताने कोरलेल्या सुऱ्या' ही पाटी काढू लागला. मी स्टूल धरून उभा राहिलो.