आक्कांच्या वाटणीच्या गोळ्या

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्यांना तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘हाडांच्या बाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आरोग्य केंद्राच्या नोकरीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बायकांच्या हाडांमागे घालवली. कारण त्यांची आई. ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि जी अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठलीच नाही. हाडं आतून पोकळ होत चालली आहेत हे तोवर कुणाला कळलंही नव्हतं.

केंद्रातर्फे लाँड्रीतल्या बायांना समजवायला दुसरं कुणी आलं असतं तर तक्ते टांगून भाषण ठोकलं असतं. बाई आल्या की बायांबरोबर चादरींच्या घड्या घालायला लागायच्या. दोन टोकं समोरचीच्या हातात, दोन आपल्या, आणि तोंडाचा पट्टा चालू. “अगं, पाळी गेली की हाडं भराभर झिजतात. अंधारात येता, अंधारात जाता, ऊन कधी बघता? घरी सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं खाता. हाडांना काय, तुमचं कौतुक खायला घालायचं?” मग इस्त्री तापेपर्यंत टेबलाला हात टेकून सगळ्यांना एका पायावर उभं करायच्या, तोल पक्का व्हावा म्हणून. बाया हसून हसून बेजार, पण उभ्या राहायच्या. मॅनेजरच्या मागे लागून त्यांनी जेवणाची सुट्टी मागच्या अंगणात, उन्हात करून घेतली. तो नाही म्हणून थकला, बाई थकल्या नाहीत.

लाँड्रीत सगळ्यात जुन्या आक्का. नुसतं ठेचकाळून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा बाईंनी त्यांना ओढतच तपासणीला नेलं. हाडं फार ठिसूळ निघाली. “पुन्हा पडल्या तर खुबा जाईल,” डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. बाई दर खेपेला विचारत, “गोळ्या?” आक्का ठणकावून सांगत, “संपल्या की! नव्या आणा.”

एकदा बाजारात आक्कांची सून भेटली, कडेवर तान्हं मूल घेऊन. “बाई, तुमचे फार उपकार. सासूबाई तुमच्या कॅल्शियमच्या गोळ्या रोज न चुकता मला देतात.”

बाई भाजीच्या टोपलीत बसायच्याच तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जाब विचारला, तर आक्काच उसळल्या. “अंगावर पाजतेय ती. मी खाऊ आणि तिला बघत बसवू? माझं काय, मी पिकलं पान.”

या मायेशी भांडायचं कसं? बाईंची आईही अगदी हेच म्हणायची. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत.

“आक्का, माझ्या आईचं सगळं मी अंथरुणात केलं. त्याचं मला काही नाही. पण ती रोज माझी माफी मागायची हो. ते मला अजून सोसवत नाही. तुमच्या सुनेच्या एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात तुम्ही, असं करायचंय का?”

आक्कांनी मान हलवली. बाईंनी त्याच आठवड्यात सुनेला डॉक्टरांकडे नेऊन तिच्या गोळ्या वेगळ्या लिहून घेतल्या, आणि सासूच्या गोळ्या सासूच्याच पोटात जातात की नाही हे बघायचं काम तिच्यावरच सोपवलं. सून वस्ताद निघाली. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राही, आणि गोळी गिळल्यावर “आ करा” म्हणे.

असाच काही काळ गेला. एका दुपारी बाई घड्या घालत असताना मशीनचा पाइप सुटला, साबणाचं पाणी फरशीभर झालं आणि आक्का धाडकन आडव्या झाल्या. बाई हातातली चादर टाकून धावल्या.

“हलू नका! कुठे दुखतंय?” खुबा, गुडघे, मनगटं त्या चाचपू लागल्या.

“बूड दुखतंय, दुसरं काय!”

आक्का हळूच कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, टेबल धरलं आणि उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या राहिल्या बायांवर खेकसल्या, “बघताय काय? चादरी उचला, परत धुवाव्या लागतील!”

सगळ्या खो-खो हसत सुटल्या. बाई मात्र त्या ओल्या फरशीवर बसूनच राहिल्या आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडल्या. एक बाई पडली होती, आणि आपल्या पायांनी उठली होती.