खंडेनवमीचा सर्व्हर
झेंडूचा वास आला की अजूनही माझा हात आधी खिशातल्या फोनकडे जातो. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत एका मराठी कुटुंबाचा कापडाचा व्यापार होता. फौजेतल्या पूर्वजांच्या तलवारी अजून त्यांच्याकडे होत्या. त्यांच्या सगळ्या दुकानांची बिलं एकाच सॉफ्टवेअरवर बनावीत म्हणून मी त्यांच्या ऑफिसात सर्व्हर बसवून दिला होता. वीज गेली तर बॅटरी, इंटरनेट तुटलं तर दुसरी लाइन, माकडांनी वायर ओढू नये म्हणून लोखंडी पाइप, सगळा विचार करून झाला होता. आणि खंडेनवमीला, ऐन गर्दीच्या वेळी, नई सडकच्या दुकानातून फोन आला, "भैया, बिल ही नहीं बन रहा!" स्कूटर दामटत मी ऑफिसात पोचलो. सर्व्हर बंद, त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, शेजारी तलवारी आणि कापड कापायची कात्री. "बंद कोणी केला?" मी ओरडलोच. "मी केला," मालक काका शांतपणे म्हणाले. "आज पूजा आहे न, तर त्याच्याकडून काम कसं करवून घ्यायचं? उद्या चालू करू." "काका, गिऱ्हाईकं खोळंबलीत!" "तर हाताने बिलं बनवतील. तू बस, प्रसाद घे." मी बसलो, पण फोन वाजत राहिला, माझा पाय हलत राहिला. तेव्हापासून प्रत्येक आराखड्यात मी दोन सर्व्हर ठेवतो, म्हणजे एक पूजेला बसला तरी दुसरा चालू राहतो. मला मात्र हळदकुंकू लावून एक दिवस बंद ठेवणारं अजून कोणी भेटलेलं नाही.