रघूच्या पानावरचे नूडल्स

विठू शिवलकर म्हणजे मिरकरवाडा बंदरातला नावाजलेला तांडेल. ट्रॉलर त्याच्या हातात आणि खलाशी त्याच्या शब्दात. पाण्याचा रंग बघून खाली बांगडा आहे की नुसता चिखल, हे तो सांगायचा आणि बहुतेक वेळा चिखलच निघाला तरी माणसं त्याला मानायची. मात्र ताटात बांगडा वाढला की विठू त्याच्याकडे लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघायचा. ओळख आहे, पण जवळीक नको.

ही खोड त्याला थोरल्या भावाने लावली. रघू आधी त्याच बोटीचा तांडेल होता. पूर्वी बोटीवर स्टोव्ह पेटायचा, भात शिजायचा आणि जाळ्यातलीच चार मासळी आमटीत पडायची. रघूने या मागासलेपणाचा अंत केला. आठ-आठ दिवस समुद्रावर राहायचं, रात्रंदिवस जाळं ओढायचं, त्यात भात कोण शिजवत बसणार? त्याने नूडल्सचे खोके चढवले. मागोमाग खारी, क्रीमची बिस्किटं, वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या. डेकवर मासळीचा ढीग तडफडतोय आणि त्याच्या कडेला पाच बाप्ये पाकिटं दाताने फाडतायत, असा देखावा रोजचा झाला. "मासळी विकायची असते, खायची नसते," असं रघू म्हणायचा आणि वर मसाल्याची पुडी चाटायचा.

मग रघूचं पोट बिघडलं. बोटीच्या मागच्या टोकाला, दोराला धरून बसायची जागा असते. रघू तिथे तासन्तास दिसू लागला. खलाशी हसायचे, "रघूशेट तिकडं बसून जाळं विणतायत!" एकदा विठूने मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दादा, हे लाल काय?"

"कोकम प्यायलोय रे," रघू म्हणाला.

यात नवल नव्हतं. पोट दुखलं की कोकमाचं आगळ प्यायचं, हे त्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी कळतं. रघू पोटासाठी आगळ प्यायचा आणि आगळाच्या नावावर रक्त खपवायचा. अंगावरचं मांस उतरलं तेव्हा वाड्यातले लोक म्हणाले, समुद्रावर काहीतरी बाधलंय. विठूने समुद्राला नारळ सोडला. पावसाळ्यात बोटी बंद असताना रघू एका दुपारी घरीच कोसळला. हॉस्पिटलात सांगितलं, आतडं फुटलंय, फार उशीर झाला.

त्याला दोन वर्षं झाली. बोट विठूकडे आली, खोके विठूकडे आले आणि मागच्या टोकाचा तो दोरही विठूकडे आला.

कारण आता विठू तिथे बसू लागला होता. पहिल्यांदा दोर धरला तेव्हा त्याला दिसलं की ऐन हाताच्या उंचीवर दोराचा पीळ गुळगुळीत झालाय. त्यावर रघूच्या मुठीची जागा होती. विठूची मूठ त्यात अशी बसली की जणू मापच घेतलं होतं. त्या दिवसापासून त्याला वाटायचं, आपण बसतो तेव्हा दोर दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी धरलाय. सरकून बसावं तर जागा नाही, उठावं तर उठवत नाही. खलाशांनी अजून विनोद केला नव्हता. पण एकदा कुणीतरी "जाळं" म्हणालं आणि गप्प झालं, ते विठूला शंभर विनोदांपेक्षा जास्त लागलं.

लाल दिसलं तेव्हा त्याने स्वतःलाही तेच सांगितलं, कोकम. मात्र श्रावण लागला तसं त्याने कुणाला न सांगता आगळाची बाटली समुद्रात ओतली आणि थेंबभरही पुन्हा घेतलं नाही.

तरी रंग लालच राहिला.

हे एवढं एक वाक्य पोटात घेऊन तो महिनाभर फिरला. बायकोला, मालनला, त्यातलं काही कळू दिलं नाही. घरी आला की मोठ्याने हसायचा, मोठ्याने बोलायचा. फक्त संडासाचं दार हळू लावायचा.

भाद्रपदातल्या पितृपक्षात रघूचा म्हाळ आला. आत्मारामकाका, म्हणजे घरातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत कर्कश माणूस, कारभार बघायला हजर होते. वडे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं, खीर झाली. शेवटी रघूची बायको सगुणा एका वाटीत काहीतरी वाफाळतं घेऊन आली.

"हे काय गो?" काका म्हणाले.

"नूडल्स."

"म्हाळाला?"

"त्यांना आवडायचे," सगुणा म्हणाली आणि पानावर खिरीशेजारी ते वेटोळं ठेवलं. शेजारी वेफर्स मांडले, द्रोणात कोल्ड्रिंक ओतलं. परसातल्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर पान ठेवून सगळे मागे सरले.

माडावर एक कावळा बसला होता. त्याने पान पाहिलं, माणसं पाहिली आणि चोच पंखात खुपसली.

मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग जिवंतांनी एकेक कबुली द्यायची. काकांनी घसा खाकरला. "रघू, बोटीला नवं इंजिन बसवतो रे!" कावळा ढिम्म. "सगुणेला कोण एक शब्द बोलणार नाय!"

"काका, मला बोलतं कोण? तुम्हीच," सगुणा म्हणाली.

"पाकिटातलं चालत नसेल त्याला," मालन पुटपुटली.

"चालत कसं नाय? बंदरावर मेले वेफर्सची पाकिटं चोचीनं फोडतात!" काका म्हणाले.

सगुणा त्या पानाकडे बघत होती. "खोके मीच बांधून द्यायचे," ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली. "लाल काय म्हणून विचारलं की ते म्हणायचे, कोकम प्यायलो."

विठूच्या पोटात कळ आली. गडग्यापलीकडे कुणी उभं नव्हतं, हे त्याला पक्कं दिसत होतं. तरी तिथे कुणीतरी त्याच्याच बोलण्याची वाट बघत होतं. तो दोन पावलं पुढे गेला.

"दादा, मी डॉक्टरला दाखवतो."

"काय दाखवतोस? इंजिन?" काका म्हणाले.

"पोट. श्रावणापासून कोकम प्यायलो नाय मी. तरी लाल आहे."

काका कावळ्याला विसरून विठूकडे वळले. मालन इतकंच म्हणाली, "श्रावणापासून?" मग म्हणाली, "आणि मी तुमच्या पँटी मुकाट्यानं कमरेत आत घेत बसलेय."

कावळा पानाला शिवला की नाही हे कुणी पाहिलं नाही. मागाहून पान विस्कटलेलं दिसलं, पण शेजारचं कुत्रंही तिथेच जिभल्या चाटत होतं. काका अजून निकालावर आलेले नाहीत.

रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आतड्यात दुर्बीण घालून पाहायचं ठरवलं. ती कुठून घालतात हे कळल्यावर वादळातून बोट आणणारा तांडेल दाराकडे निघाला होता; मालनने त्याला कॉलर धरून परत बसवलं. निदान झालं, आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार. बरा होऊन संपेल असा नाही, पण औषधांनी ताब्यात राहील असा.

"घरात आणखी कुणाला होता?" बाईंनी विचारलं.

"भाऊ. होता."

"कशानं गेले?"

"आतडं फुटून," विठू म्हणाला.

"लाजेनं," सगुणा म्हणाली. ती हट्टाने सोबत आली होती. मग तिने जे विचारायला ती आली होती ते विचारलं. "बाई, नूडल्समुळे झालं का त्यांना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एका माणसाबद्दल असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. सतत पाकिटातलं, गोड पेयं आणि भाजी-डाळ कमी, अशा खाण्यात हा धोका जास्त दिसतो, एवढं खरं. घरात आजार असला तर आणखी वाढतो. यांनी खाणं बदलायचंच, पण नुसत्या पेजेवर भागणार नाही, औषधं सोडायची नाहीत." त्या थांबल्या. "ते वेळेवर आले असते, तर बहुधा तेही आज इथे बसले असते."

विठू बाकावर मधोमध बसला होता. तो नकळत एका बाजूला सरकला, एक माणूस टेकेल एवढी जागा झाली. मालनला वाटलं, त्याला पुन्हा कळ आली. सगुणाला कळलं होतं. तिने त्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवायला हात पुढे केला आणि मग ती पिशवी मांडीवरच धरून बसली.