बंपरच्या मधोमध एक वाक

मुंबईतल्या एका कारखान्यात मी छत्तीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर तारकर्लीला घरी आलो, तेव्हा सोबत एक पांढरी अँबॅसिडर आणली. कारखान्यातल्या साहेबांची ती गाडी. त्यांच्याकडे ती नुसती उभी असायची, म्हणून त्यांनी मला अगदी स्वस्तात दिली. इंजिनाचं सगळं मी स्वतः करतो. पण खारं वारं काही सोडत नाही. चार-पाच वर्षांत पुढच्या बंपरला गंजाचे फोड आले आणि क्रोमचे पापुद्रे निघायला लागले.

बंपर काढून कोल्हापूरला एका क्रोमवाल्याकडे पाठवला. दीड महिन्याने गोणपाटात गुंडाळून तो परत आला. उघडला तर त्यात माडाच्या झावळ्या दिसत होत्या, इतका चकचकीत. मी खूश झालो.

बंपर बसवणं दिसतं तेवढं सोपं नसतं. आधी चारही बोल्ट सैल ठेवायचे, बंपर मधोमध आणायचा, दोन्ही टोकांना बॉडीपासूनचं अंतर सारखं करायचं, आणि मग एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे बोल्ट आवळत जायचं. एकच बाजू आधी घट्ट केली की दुसरी वर सरकते. शेजारचा मित्र मदतीला आला होता. तो जन्मभर समुद्रावर गेलेला, आता गुडघ्यांमुळे होडीत चढत नाही, अंगणात बसून जाळी विणतो. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. तासाभरात काम झालं. मग मी दहा पावलं मागे गेलो, खाली बसलो, आणि सवयीप्रमाणे डावा डोळा मिटून बंपरवर नजर लावली.

नंबरप्लेटच्या वर बंपर खाली दबलेला दिसला.

"मधी वाकलो हा," मी म्हणालो.

मित्र माझ्या बाजूला येऊन बसला. बराच वेळ बघत राहिला. "माका काय वाकडो दिसणा नाय रे."

कारखान्यात लोक सांगायचे, याच्या डोळ्यासमोर धरलं की पट्टी लावायची गरज नाही. केसाएवढा फरकही मला दिसायचा. त्यामुळे मित्राला दिसत नाही याचा मला राग नाही आला, उलट बरंच वाटलं. मी कोल्हापूरला फोन लावला आणि पॉलिश करताना तुम्ही बंपर दाबलात म्हणून सांगितलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "काका, पाठवायच्या आधी मी लोखंडी पट्टी लावून बघितलाय. सरळ आहे." मी त्याला नको ते बोललो. आमच्या काळात माणसं चूक कबूल करायची, असंही बोललो.

पुढचे सहा-सात दिवस मी दुसरं काही केलं नाही. सकाळी चहा झाला की पाना घेऊन गाडीखाली. एका ब्रॅकेटमागे वायसर घातले, काढले, दुसरीकडे घातले. पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा बरोबर मधे. मग मला पाणसळीचाच संशय आला. शेवटी डाव्या बाजूला तीन वायसर घातल्यावर तो वाक जरा कमी झाल्यासारखा वाटला. बायको तुळशीला पाणी घालत होती. तिला हाक मारून विचारलं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि नीट बघितलं. "काल सरळ होतो तो आज तुमी वाकडो केल्यात."

त्या दिवशी मी लाकडी हातोडा काढला. बंपर मागून ठोकून सरळ करायचं ठरवलं होतं. मित्राने कुंपणावरून बघितलं आणि लंगडत आला. "थांब जरा," म्हणाला. "क्रोम फुटलो तर परत कोल्हापूर. आधी दोरी लावून बघया." त्याने घरातून तंगूस आणला, मासे गरवायची नायलॉनची बारीक दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या रोवल्या आणि बंपरच्या बोटभर वर ती ताणून बांधली.

मी खाली बसलो, डावा डोळा मिटला. दोरीसुद्धा वाकलेली होती. जिथे बंपर वाकला होता, बरोबर तिथेच.

"ताण अजून," मी म्हटलं.

"आजून ताणलंय तर तुटतली. तंगूस ताणल्यार कधी वाकता रे?"

मी नजर जरा डावीकडे नेली. वाकही डावीकडे गेला. उजवीकडे नेली, तो उजवीकडे आला. मी जिथे बघत होतो तिथे तो होता. मग मी उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला. दोरी सरळ. बंपर डाव्या बाजूला वर चढलेला, बायको म्हणाली तसाच, माझ्या तीन वायसरांमुळे.

मित्राला मी काही सांगितलं नाही. ऊन लागलं म्हणालो आणि घरात गेलो. खिडकीचे गज बघितले, दाराची चौकट बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सगळं उजव्या डोळ्याला मधोमध पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. एवढे दिवस दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे कळलंच नव्हतं. बायको आत आली तेव्हा मी एक डोळा हाताने झाकून भिंतीसमोर उभा होतो. मग सांगावंच लागलं.

ती एवढंच म्हणाली, "उद्या पयल्या गाडयेन कुडाळाक जावया."

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून लगेच गोव्याला डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे होतो. बाईंनी माझ्या हातात बारीक चौकटींचा एक कागद दिला. उजव्या डोळ्याने बघितलं तर मधल्या रेघा गाळात रुतलेल्या काठ्यांसारख्या तिरक्या. मग त्यांनी डोळ्याचा फोटो काढला.

"पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतंय," त्या म्हणाल्या. "वयामुळे होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. कधीपासून आहे हे?"

"वाकडं दिसायला लागून दहा-बारा दिवस झाले."

"एवढ्या लवकर कळलं कसं? बहुतेक लोक सहा-सहा महिन्यांनी येतात. दुसरा डोळा चांगला असतो, त्यामुळे लक्षातच येत नाही."

मी बंपरचं सांगितलं. डावा डोळा मिटून बघायची सवय सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "या सवयीमुळे तुमची नजर वाचेल असं मला वाटतं."

डोळ्यात सुई म्हटल्यावर मला धास्तीच वाटली होती. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर केला होता. जरा दाब जाणवला, बस. घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला फोन केला आणि त्या क्रोमवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, गिऱ्हाईक ओरडतंच. डोळ्याचं काय ते नीट करा." त्या एका वाक्याने मला फार हलकं वाटलं.

चार दिवसांनी मी वायसर काढले. या वेळी मी नुसता पाना फिरवला. नजर लावायला मित्र आणि बायको समोर बसले. "उजवीकडे बोटभर खाली." "नाय, इतको नको." "हां, ऱ्हव दे." त्यांचं ऐकून बोल्ट आवळणं मला पहिल्यांदा जड गेलं, मग नाही.

महिन्या-महिन्याने आणखी दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्यानंतर पुन्हा फोटो काढला. बाईंनी पहिला आणि आताचा फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पहिल्यात मधे फुगवटा होता, दुसऱ्यात नव्हता. "पाणी सुकलंय. बारीकसा वाक कदाचित राहील, आणि तपासायला येत राहावं लागेल. पण वाचता येईल, गाडी चालवता येईल."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. एवढ्या महिन्यांत बायकोने माझ्यासमोर कधी भीती दाखवली नव्हती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माका भूक लागली हा. सकाळपासना पोटात कायएक नाय."

रस्त्यापलीकडच्या खानावळीत आम्ही दोन थाळ्या मागवल्या. तिने दोनदा भात घेतला, मग माझ्या ताटातली बांगड्याची अर्धी तुकडीही उचलली. मी तिला जेवताना बघत बसलो, दोन्ही डोळ्यांनी.