अपेक्षित उत्तरे

इंग्रज जाताना आपली भाषा इथेच विसरून गेले, याचा निर्भेळ आनंद साऱ्या कल्याणात एकाच माणसाला झाला असावा, आणि तो माणूस शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. नववीचं इंग्रजी आम्हा दोघांकडे होतं. 'अ' तुकडी माझी, 'ब' त्यांची. मुलं आठवीत एबीसीडी गिरवून आलेली, आणि वर्षभरात त्यांनी इंग्रजीत निबंध लिहावा अशी शाळेची अपेक्षा. मी फळ्यावर निबंध लिहून द्यायचो, मुलं तो उतरवून घ्यायची आणि मी तो तांबड्या शाईने तपासायचो. म्हणजे एका परीने स्वतःचाच निबंध बेचाळीस वेळा तपासायचो, आणि खेदाची गोष्ट म्हणजे त्यातही चुका सापडायच्या.

सरांचं सगळंच उलटं. "घरात ज्या वस्तूवरून भांडण होतं ती वस्तू उद्या आणा," असं सांगून ते वर्गात अडकित्ते, फुटके तांबे आणि एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळी जमवत आणि त्यांच्यावर इंग्रजी लिहून घेत. एका मुलाने 'आय एट बीटिंग फ्रॉम फादर' असं लिहिलं होतं. मी ताबडतोब तांबडी रेघ मारायला पेन उघडलं, तर सरांनी वहीच ओढून घेतली. "राहू द्या हो, प्रोफेसर. इंग्रजांची पोरं मार खात नसतील. आपली खातात." मी नुकताच बी.ए. झालेला, म्हणून ते मला प्रोफेसर म्हणत. मला त्यातली थट्टा कळायला दोन वर्षं लागली. असली आवडलेली वाक्यं ते चिठोऱ्यांवर उतरवून मिटलेल्या छत्रीत टाकून ठेवत. एकदा भर स्टेशन रोडवर उन्हासाठी म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि वर्षभराची वाक्यं रस्ताभर उडाली. सर टांग्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "अरे, घोडा थांबव! नववी ब आहे खाली!"

या माणसाचा एकच शत्रू होता, तो म्हणजे टाचण. प्रत्येक पाठाची आखणी आदल्या दिवशी एका वहीत करून ठेवायची, तिला टाचण म्हणत. डावीकडे शिक्षकाचे प्रश्न, उजवीकडे 'विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरे'. सर डावा रकाना भरत आणि उजवा कोरा सोडत. मुख्याध्यापक दर सोमवारी त्यावरून बोलत, आणि सर दर सोमवारी तेच उत्तर देत, "मुलं काय बोलणार ते मला आधी कसं कळणार?"

माझं टाचण मात्र बघण्यासारखं होतं. निळी शाई, तांबड्या रेघा, आणि जिथे मी विनोद करणार होतो तिथे कंसात 'येथे मुले हसतील' अशी नोंद. मुलं कधी हसली नाहीत, पण नोंद मी कधी गाळली नाही.

त्या वर्षी शिक्षणखात्याच्या साहेबांची तपासणी आली. मी दोन वर्षं तात्पुरता होतो. साहेबांचा शेरा चांगला आला तरच कायम होणार होतो. ठाण्याला एका घरी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं, आणि मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कायम झालात की मुहूर्त काढू." दोन्ही तुकड्यांना निबंधाचा विषय एकच होता, सहल. मी पंधरा दिवस मुलांकडून उत्तरं घोकून घेतली. बेचाळीस मुलं मलंगगडावर गेली, बेचाळीस मुलांनी तिथे लाडू खाल्ले. दोन वर्गांमधल्या लाकडी फळ्यांच्या भिंतीतून ते सगळं 'ब' तुकडीलाही पाठ झालं.

तपासणीच्या दिवशी घाईत मी शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावरची वही उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. पहिल्या बाकावरचा मुलगा ठरल्याप्रमाणे मलंगगडावर गेला. तेवढ्यात साहेबांनी मागच्या बाकावरच्या एकाला उभं केलं आणि तोच प्रश्न विचारला. विठ्ठलवाडीकडच्या शेतकऱ्याचा तो मुलगा घोकलेलं सगळं विसरला. "सर, मी गेलोच नाय," असं आधी मराठीत म्हणाला आणि मग घाम पुसत इंग्रजीत, "माय बफेलो सिक. आय सिट विथ हर." माझ्या डोळ्यांपुढून मुहूर्त निघून गेला. पण साहेब खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, म्हशीशी काय बोललास? पोरगं बोलत सुटलं. पाठोपाठ इतर मुलंही आपापल्या गाई, आज्या आणि ताप सांगू लागली. मी खडू हातात धरून नुसता उभा होतो.

शेवटी साहेबांनी वही उघडली. "मास्तर, अपेक्षित उत्तरांचा रकाना कोरा कसा?" मी वाकून पाहिलं. वही सरांची होती. दोघांच्याही वह्यांना तपकिरी कागदाचं कव्हर, नाव एकीवरही नाही. वही माझी नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, मुलं काय बोलणार ते मला आधी कसं कळणार?"

साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

पुढचा तास 'ब'वर होता. मी धावत खिडकीशी गेलो, तोवर माझी वही साहेबांच्या हातात पोचली होती. सरांनी ती देताना उघडून पाहिली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मग माझा पाठ शिकवायला सुरुवात केली. अक्षरन् अक्षर माझा! मलंगगड, लाडू, सगळं. तो विनोद आला तेव्हा वर्ग गप्प राहिला, तसे सर हळूच म्हणाले, "हसा रे." मुलं जीव तोडून हसली. त्या वाक्यावर कुणीतरी हसलेलं मी प्रथमच ऐकलं.

माझ्या पाठावर 'अत्यंत कल्पक' असा शेरा आला. सरांच्या पाठावर आला, 'यांत्रिक. मुलांना बोलू द्यावे.' शिक्षकांच्या खोलीत तो मोठ्याने वाचला गेला, तेव्हा सर चहा पीत होते. "बरोबर आहे साहेबांचं," ते म्हणाले, आणि मला एवढंच विचारलं, "प्रोफेसर, ते म्हशीचं वाक्य नीट सांगा पाहू." चिठोऱ्यावर उतरवून त्यांनी ते छत्रीत टाकलं. शेरा मात्र त्यांच्या नावावर तसाच राहिला, आणि वर्षअखेर ते निवृत्त झाले.

मी कायम झालो, लग्न झालं, पेढे घेऊन त्यांच्या घरीही गेलो. त्यांना काय विचारायचं ते मी वाटेत पक्कं ठरवलं होतं. तुम्ही असं का केलंत? ते काय म्हणतील तेही ठरवलं होतं: जाऊ द्या हो, किंवा तुमचं लग्न होतं ना. उत्तर ठाऊकच आहे तर विचारायचं कशाला, असं म्हणून मी पेढे ठेवले, हवापाण्याचं बोललो आणि उठलो. पुढेही दोनदा गेलो आणि दोनदा तसाच उठून आलो. मग ते कोकणात लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले.

आता वाटतं, मी ठरवली होती त्यातलं एकही उत्तर त्यांनी दिलं नसतं. त्यांनी काय दिलं असतं ते मात्र काही केल्या सुचत नाही. मी उभा जन्म उजवा रकाना भरत आलो, आणि नेमका हाच कोरा राहिला.