दगडाबाईच्या चुलीजवळचा डबा

आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं तिचं नाव दगडा ठेवलं होतं. नावानं काम केलं. दगडाबाई साठीला आली तरी तिला कधी साधी सर्दी झाल्याचं कुणी ऐकलं नाही. खोकला होता, पण तो तिनं आजारात कधी धरला नाही. चुलीपुढं बसणाऱ्या बाईला खोकला असायचाच.

मिरजगावच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर तिची वस्ती. नवरा गेल्यावर ऊसतोडीला जाणं तिनं सोडलं आणि भीमाच्या ढाब्याला भाकरी थापून द्यायला लागली. ढाब्यावर भीमानं मोठी पाटी रंगवून घेतली होती : ‘चुलीवरची भाकरी’. ती चूल म्हणजे दगडाबाईची. घरात गॅस होता, पण त्याच्यावर चहाच व्हायचा. भीमानं एकदा सांगून ठेवलं होतं, “मावशे, गॅसवरची भाकरी गिऱ्हाईक वासावरून वळकतं. तसली आली तर मी दुसरी बाई बघीन.” त्या चुलीच्या जिवावर दगडाबाईला कुणाच्या दारात हात पसरावा लागला नव्हता.

अशा घरात एका गुरुवारी नगरच्या कॉलेजची दोन मुलं आली. तिसऱ्या वर्षाला होती. त्यांना गावात राहून लोकांच्या उपयोगाचा एक प्रकल्प करायचा होता आणि त्याचे मार्क होते. मुलीचं नाव स्टेला, मुलाचं राजस.

“इस्टेला म्हंजी काय गं?”

“तारा.”

“मग तारा म्हन की सरळ,” म्हणून दगडाबाईनं विषय मिटवला.

स्टेलानं चुलीजवळच्या खिळ्याला डब्याएवढं एक यंत्र टांगलं. आत पंखा गुरगुरत होता, वर हिरवा दिवा. “हे हवेतला धूर मोजतं मावशी. महागाचं आहे, जपा. बाकी तुम्ही रोज करता तसंच करा.”

“तुमी शिकवाया आलाय का शिकाया?”

“शिकायला.”

“मग मोजताय मला कशापायी?”

राजस हसला.

मुलं गेल्यावर दगडाबाई डब्याकडं बघत बसली. आयुष्यात तिनं पुष्कळ यंत्रं पाहिली होती. डेअरीत दुधाला फॅट जास्त लागली की चांगलं. आरोग्य शिबिरात रक्त जास्त भरलं की चांगलं, साखर जास्त भरली की वाईट. या डब्याचं काय, ते पोरगी सांगून गेलीच नव्हती. मग तिनं आपल्या परीनं विचार केला. एवढ्या लांबून आलेलं यंत्र उपाशी कसं जाऊ द्यायचं? त्या आठवड्यात तिनं वाळक्या तुराट्या बाजूला ठेवल्या आणि ओल्या बाभळीची फाटी लावली. घर धुरानं भरलं. डोळे चोळत ती डब्याला म्हणाली, “घे बाबा.”

पुढच्या गुरुवारी स्टेलानं आकडे पाहिले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. “मावशी, इतका धूर?” एवढंच म्हणून ती गेली. हे चांगलं का वाईट, दगडाबाईला कळेना.

ते शेजारच्या लंकाबाईनं सांगितलं. “येडी का काय तू? ज्येच्या घरात लई धूर, त्येची चूल फोडत्यात आन् गॅसवर करा म्हनत्यात. माझ्या भनीच्या गावात असंच झालं, असं ऐकलंय.”

दुसऱ्या दिवसापासून भाकरीला बसण्याआधी दगडाबाई डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि चूल विझली की काढायची. डबा जपायलाही पोरीनंच सांगितलं होतं. म्हणजे यात पाप नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मुलं गावातल्या शाळेत मुक्कामाला होती. संध्याकाळी त्यांनी डब्यातले आकडे उतरवून नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्टेला एकटीच लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला.

“मावशी, मला काही समजत नाहीये. तुमच्या घरात चूल पेटली की हवा एकदम स्वच्छ होते आणि विझली की बिघडते. जगात कुठं असं होत नाही. राजस म्हणतो मशीन खराब आहे. सर म्हणतात, हे घर यादीतून काढून टाका.”

“काढून टाका म्हंजी?”

“म्हणजे तुमचं घर नव्हतंच, असं धरायचं.”

हे दगडाबाईला लागलं. चूल फुटू नये एवढंच तिला हवं होतं. घरच नव्हतं असं तिनं कुठं म्हटलं होतं? ती उठली, फडताळाआडून पिशवी काढली आणि स्टेलापुढं धरली. एका बाजूनं काळीकुट्ट झाली होती. मग ओल्या बाभळीपासून लंकाबाईपर्यंत सगळं सांगून टाकलं.

स्टेलानं पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. दगडाबाईनं विचारलं, “आता खरं सांग. किती आलं म्हंजी चांगलं?”

“जेवढं आहे तेवढं आलं म्हणजे चांगलं.”

“ह्ये काय उत्तर झालं? आन् चूल?”

“ती फोडायचा अधिकार आम्हाला नाही. पण आमचा अहवाल ग्रामसभेत वाचणार आहेत. पुढं कोण काय ठरवेल, ते मला खरंच माहीत नाही मावशी.” स्टेलानं प्रश्नावली चाळली. सरपण कुठलं, किती तास, खोकला आहे का. “चूल कशासाठी लागते, हा प्रश्न आम्ही घातलाच नाही.”

“मग घाल.”

स्टेलानं पेनानं समासात लिहिलं. दगडाबाई एकेक सांगत गेली : भीमा, पाटी, गिऱ्हाइकाचं नाक. मग म्हणाली, “खोकल्याचं बी लिव्ह. हाय तो.”

तोवर भीमाची भाकरी न्यायला यायची वेळ होत आली होती. दगडाबाईनं पिशवीची घडी घालून फडताळात ठेवली आणि चुलीपुढं बसली. “रोजच्यावानी करू ना?”

“हो. अगदी रोजच्यासारखं.”

पण रोज आपण कसं करतो, हेच तिला आठवेना. आधी तुराट्या का गोवरी? फुंकणी कधी घेतो? तीस वर्षं हात आपोआप चालत होते, आज ते तिला विचारायला लागले. पीठ सैल झालं. पहिली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि डब्याचा हिरवा दिवा बघण्यात ती करपली. धूर वर चढला, पंखा गुरगुरला.

दगडाबाईनं काळी भाकरी उलथण्यावर घेतली. “ही मोजणीत धरायची का सोडायची?”

स्टेलाचे डोळे धुरानं वाहत होते. “धरायची.”

“भीमा न्हाई धरायचा.” तिनं भाकरी मोडली, अर्धी पोरीच्या हातात दिली. “म्हंजी ही तुझ्या खात्यात. खा.”

तिला अजूनही कळलं नव्हतं, खरं सांगून आपण शहाणपण केलं की चूल घालवली. बाहेर भीमाची गाडी वाजली. तिनं दुसरा गोळा परातीत घेतला.