गेंड्याचं गोत्र

मी शिकवायचे त्या शाळेतल्या पोरांनी आसामातल्या गेंड्यांसाठी पोस्टकार्डं लिहायची, ही कल्पना माझी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शिकारी शिंगासाठी गेंडे मारतात आणि मूठभर पहारेकरी त्या शिकाऱ्यांच्या मागावर जंगलात फिरतात, असं एका मासिकात वाचलं आणि माझ्या अंगात आलं. नाशकात बसून दुसरं काय करणार? पहारेकऱ्यांना निदान पत्रं तरी जाऊ देत!

सगळ्यात जास्त उत्साह माझ्या सासऱ्यांना. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मांडी ठोकून बसायचे आणि कार्डांवर सुबक अक्षरात पत्ते घालायचे. "पत्ता चुकला की गेंडा गेला म्हणून समज," असं मलाच दटावायचे. एक कार्ड त्यांनी स्वतःही लिहिलं, हिंदीत. भाइयो, डटे रहो.

मग पितृपंधरवडा आला. वडिलांना पाणी द्यायला मामंजींकडे एक काळपट, होडीसारखं पात्र होतं, लाल फडक्यात गुंडाळलेलं. लग्न झाल्यापासून मी ते बघत होते. लाकडाचं असेल म्हणून कधी विचारलंही नव्हतं. त्या वर्षी त्यांनी ते कौतुकाने माझ्यापुढे धरलं.

"हे ने शाळेत, पोरांना दाखव. अस्सल गेंड्याचं शिंग आहे. आजोबांपासून यातूनच पाणी देतो आम्ही. पितरांना थेट पोचतं."

हसावं की ओरडावं, मला कळेना.

"अहो मामंजी, याच्यासाठीच तर मारतात त्यांना!"

"छे! सांबराचं गळतं तसं गळतं ते. जंगलात पडलेलं सापडतं. मारायचं कशाला?"

अगदी मनापासून सांगत होते. इतकी वर्षं तेच धरून चालले होते. आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "सांबराचं गळतं, गेंड्याचं नाही. मारून, तोंडावरून कापून काढतात," मी ठणकावून सांगितलं. त्याच मासिकात पुढे असंही होतं, की कधी झुंजीत शिंग मोडून पडतं, कधी म्हातारा होऊन मेलेल्या गेंड्याचं मिळतं. तेवढं मी सांगितलं नाही. का? जिंकायचं होतं, दुसरं काय!

मामंजींचा चेहरा उतरला. पात्र पुन्हा फडक्यात गुंडाळत म्हणाले, "म्हणजे वडिलांना मी हत्येचं पाणी पाजलं? पोचलं असेल का गं ते?" पितरांची पोचपावती माझ्याकडे यायची असल्यासारखं विचारत होते. मी भाजी चिरत राहिले.

पुढचे आठ दिवस ते धड जेवले नाहीत. वडिलांच्या तिथीला तांब्याचं पात्र घेतलं. सगळ्यांची नावं-गोत्रं घेऊन झाली. मग पुन्हा तीळ हातात घेतले आणि थांबले.

"त्याचं गोत्र काय गं असेल?"

"कोणाचं?"

"गेंड्याचं."

मी आ वासून बघत राहिले. "ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पाणी सोडलं. डोळे पुसले.

मला राहवेना. दुपारी जेवणं झाल्यावर झुंजीचं, म्हातारपणाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, सुटतील बिचारे. त्यांनी मान वर केली.

"हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"आठ दिवस मला घास जात नव्हता, ते दिसत नव्हतं?"

दिसत होतं. मी ताटं उचलायला लागले.

त्यानंतर त्यांनी ते पात्र वापरलं नाही. पोस्टकार्डं मात्र दर वर्षी लिहिली, आणि गेंड्याला पाणीही दिलं. एकदा मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "कसा का मेला असेना, मेला तर आहेच ना?"

मामंजींना जाऊनही आता वर्षं झाली. पात्र कपाटात आहे. वापरायचं नाही, टाकवत नाही, कोणाला द्यावं तेही समजत नाही. मी खरं सांगून चांगलं केलं की वाईट, याचा अजून गोंधळच आहे. नवरा मामंजींना पाणी देतो आणि शेवटी, वडील द्यायचे म्हणून, काश्यप गोत्राच्या गेंड्यालाही. हे कसं सुरू झालं, ते त्याने अजून विचारलेलं नाही. विचारेल म्हणून त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन बसते.